नववी उचकी

“बाद,” आल्बीना काझिमिरोव्हना म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळ लाल पेटीत टाकलं.

“पण ते बिघडलेलं नाहीये,” दानिला म्हणाला. “ते मुद्दाम तसं केलंय.”

“म्हणजे मुद्दाम बिघडवलंय. तासाला एकदा टिप वाजायला हवं. हे वाजतं, थांबतं आणि मग उचकी देतं. शहाऐंशी सालीही असंच करायचं. तेव्हाही मी बादच करत होते.”

मिन्स्कच्या त्या घड्याळांच्या कारखान्यात बाई अडतीस वर्षं तपासणीच्या टेबलामागे बसत होत्या. मागच्या झाकणावर त्यांचा चौकोनी शिक्का उमटल्याशिवाय एकही घड्याळ फाटकाबाहेर जात नसे. फाटकावरचा पहारेकरी स्त्स्यापान संचालकांचासुद्धा डबा उघडून बघायचा. बाई आल्या की मात्र तो उठून उभा राहायचा.

इंजिनिअर दानिलाने कारखान्याचं ते जुनं, पोलादी पट्ट्याचं, करड्या आकड्यांचं इलेक्ट्रॉनिक घड्याळ गेल्या वर्षी पुन्हा बनवायला घेतलं होतं. पहिली वीस घड्याळं अगदी निर्दोष निघाली. बाईंनी आनंदाने शिक्के मारले. वीसच्या वीस परत आली. ब्रेस्तहून, रिगाहून, प्रागहून गिऱ्हाइकांनी जवळजवळ एकच ओळ लिहिली होती: वडिलांच्या घड्याळाला उचकी लागायची, तुमच्याला लागत नाही, म्हणजे ते नकली आहे.

मग दानिलाने सात जुनी घड्याळं मिळवली, यंत्राखाली ठेवली आणि चार महिने ऐकत बसला. आतला वीज साठवणारा एक भाग रिकामा व्हायला जरा जास्त वेळ घेत होता. टिप, तीन दशांश सेकंद शांतता, मग अर्धवट टिप. लोक दोष काढताना घेतात तेवढी काळजी घेऊन त्याने तो दोष आत घातला. आता उचकी देणारी तीनशे घड्याळं तयार होती आणि ती शुक्रवारी निघायला हवी होती. नाही निघाली तर विभाग बंद. दानिला आणि जुळणीवाल्या तिघी जणी, सगळ्यांची रवानगी स्वयंपाकघरातले वजनकाटे बनवायला.

त्याने संचालकांना मध्ये पडायला सांगून पाहिलं होतं.

“मी? बाईंना सांगू?” संचालक म्हणाले होते. “अरे, माझ्या लग्नातल्या अंगठीची गोलाईसुद्धा त्यांनी मापली होती. बाद केली त्यांनी अंगठी!”

त्याने चॉकलेटची पेटीही आणून पाहिली होती. बाईंनी तिच्यावरची तारीख तपासली आणि ती परत दिली.

आज बुधवार होता. खिडकीबाहेर मे महिन्याचा लायलॅक फुलला होता, तरी बाईंचा तपकिरी ढगळ कोट खुंटीवर होताच. जूनपर्यंत तो सुटायचा नाही. जुळणीवाल्या म्हणायच्या, बाईंच्या अंगातच थंडी आहे.

“त्या वेळी अशी किती बाद केलीत?” दानिलाने विचारलं.

“सगळी. लाल पेटी भरली की गुरुवारी दाबयंत्राखाली चुरा. उचकीवालं एकही माझ्या हातून बाहेर गेलं नाही.”

दानिलाने पिशवीतून सात जुनी घड्याळं काढली आणि एकेक करून टेबलावर पालथी मांडली.

“मग ही कुठून आली? सातांपैकी एकावरही तुमचा शिक्का नाही.”

बाईंनी चष्मा वर सरकवला. सातही झाकणं बोटाने चाचपली.

तेवढ्यात बारा वाजले. सातही घड्याळं दानिलाने एकाच वेळेला लावलेली होती, पण म्हातारी झाल्यामुळे ती दुकानासमोरच्या रांगेसारखी एकामागून एक बोलली. त्याने सवयीने मोजलं. सात उचक्या टेबलावर. आठवी लाल पेटीत.

चार सेकंदांनी नववी आली.

दानिलाने टेबलाखाली पाहिलं. पेटीत पुन्हा पाहिलं. मग त्याने बाईंच्या उजव्या बाहीकडे पाहिलं. ती बाही बाई डाव्या हाताने घट्ट दाबून धरत होत्या.

“आल्बीना काझिमिरोव्हना...”

“गप्प बस. दार लावून घे.”

त्याने दार लावलं.

“शिक्का मिळणार नाही,” बाई म्हणाल्या. “आज नाही, शुक्रवारी नाही, मी मेल्यावरसुद्धा नाही. सदोष मालावर माझा शिक्का बसत नाही.”

“मग मी संपलो.”

“शिकलेला आहेस ना तू? गिऱ्हाइकांना खरं घड्याळ हवंय. तुझी सात खरी घड्याळं या टेबलावर पडलीयत. शिक्का आहे का एकावर तरी?”

दानिलाने सातही झाकणांकडे पुन्हा पाहिलं.

बाई उठल्या. खुंटीवरचा कोट काढून त्यांनी तो टेबलावर उलटा पसरला. अस्तरावर रांगेने कापडी खिसे शिवलेले होते. टाके बारीक, सगळे एका मापाचे.

“बारा खिसे. एकात पाच बसतात,” त्या म्हणाल्या.

“साठ,” दानिला पुटपुटला. “पाच फेऱ्या.”

“कोट तुला आखूड होईल, पण चालेल. स्त्स्यापानने विचारलं तर सांग, बाईंनी धुवायला दिलाय.” त्यांनी कोट त्याच्या खांद्यांवर टाकला आणि वरचं बटण स्वतः लावलं. “आणि एक लक्षात ठेव, पोरा. ऐन तासाच्या ठोक्याला फाटकात जाऊ नकोस. शहाऐंशी साली माझ्या अंगावर साठच्या साठ एकदम वाजली, आणि ट्राम येईपर्यंत मला उचकी लागल्याचं सोंग करावं लागलं.”