गुलाबरावचं नाव

छकडा जुंपून झाला तरी प्रयागबाई उंबऱ्यातून हलेना.

"चाल ना," पुंजाजी म्हणाला. "वाशिम काय जवळ हाये?"

"तुमी नका जाऊ. तो अजून रागात असन."

"म्हणूनच तं जाऊन राह्यलो."

केनवडच्या बाजारात कोणीतरी पुंजाजीला थांबवून सांगितलं होतं, तुमचा गुलाबराव मॅट्रिक झाला, शाळेत सत्कार आहे. ऐकून पुंजाजी बाजार टाकून घरी आला. शाळेचा हट्ट धरला म्हणून त्यानं ऐन पेरणीत या एकुलत्या एका लेकाला चाबकानं मारलं होतं. पोरगा त्याच संध्याकाळी मामाकडे वाशिमला निघून गेला. पुढं पाच वर्षं बाप गेला नाही आणि लेक आला नाही. प्रयागबाईच तेवढी भावाकडे जायची, ज्वारी-तेल देऊन यायची आणि आल्यावर कितीतरी दिवस गप्प असायची. पुंजाजीनंही कधी काही विचारलं नाही.

रिसोड मागं पडलं. नांगरून ठेवलेली काळी रानं दोन्ही अंगांना उघडी पडली होती.

"त्याच्यासाठी कानोले घेतले ना?"

"नाही. त्याले गोड आवडत नाही."

"कवापासून?"

ती पदर सावरत बसली. मग म्हणाली, "लय बदलला तो. तुमाले ओळखू येनार नाही."

पुंजाजीनं बैलांना उगाच हाकारलं. मग मान न वळवता विचारलं, "त्याच्या पाठीवरचे वळ… दिसते का वं अजून?"

"मिटले," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हमसून रडायला लागली.

पुंजाजीचेही डोळे भरले. "रडू नको. चार लोकाइत माफी मागतो त्याले. मंग घरी घेऊन येऊ."

वाशिमला शाळेच्या पटांगणात मांडव होता. दोघं मागं, भुईवर बसली. पुंजाजी पाठमोऱ्या पोरांमध्ये आपल्या लेकाची मान शोधत होता. एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं.

"गुलाबराव पुंजाजी, मुक्काम केनवड!"

एक उंच, काळासावळा, देवीच्या वणांचा पोरगा उठून चालू लागला.

"चुकले हे!" पुंजाजी अर्धा उठला. "हा आपला नोहे. थांब, सांगतो त्याइले."

प्रयागबाईनं त्याचं धोतर घट्ट धरलं.

"चुकले नाही. बसा खाली."

टाळ्या झाल्या. हार घातलेला तो पोरगा गर्दीत कोणाला तरी शोधत होता. प्रयागबाई दिसताच तो मंचावरून उतरला.

"माहा गुलाब कोठी हाये?" पुंजाजीनं तिचा हात धरला.

"घरून गेला त्याच पावसाळ्यात गेला. पटकीनं. माहा भाऊसुदा घर सोडून पयाला. भावाचा गडी, हा लखमा, एकटा त्याच्या उशाशी बसून राह्यला. शाळेत गुलाबचं नाव लागेल होतं, फी भरेल होती. म्याच त्याले म्हटलं, तू जाय त्याच्या नावानं."

पोरगा लोकांतून वाट काढत जवळ आला.

"पाया पडाले येऊन राह्यला," प्रयागबाई हलक्या आवाजात म्हणाली. "पाय मागं घेऊ नका."