कमरपट्ट्यातली काडतुसं

छऱ्याच्या काडतुसांच्या जुन्या जाहिराती तो तीस वर्षं जमवत होता. नुकत्याच मिळालेल्या पत्र्याच्या पाटीवरच्या शिकाऱ्याच्या कमरपट्ट्यात अकरा काडतुसं होती. संग्राहकांच्या सूचीत बारा दिली होती. म्हणजे छपाईतली चूक, म्हणजेच दुर्मीळ नमुना. खुशीत त्याने ती पाटी बायकोच्या खुर्चीसमोर टांगली.

"आता हा मेला माझ्यावर बंदूक रोखून बसणार!"

"अगं, तो बदकांवर रोखतोय."

दुसऱ्या दिवशी काडतुसं दहा भरली. काल आपणच चुकलो असू, असं म्हणून त्याने नोंद सुधारली.

तिसऱ्या दिवशी नऊ.

"अहो, भिंतीला ही भोकं कशानं पडली?" बायकोने बसल्या बसल्या मान वळवून विचारलं.

तिच्या डोक्याच्या वर मोहरीएवढ्या छिद्रांचे दोन पुंजके होते. दुसरा पहिल्यापेक्षा वीतभर खाली होता.

"पाटी उतरवतोच," म्हणत तो स्टूल आणायला धावला.

"तीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी उतरतंय!" मागून टोमणा आला.

स्टूल घेऊन तो दारात आला तेव्हा पट्ट्यात आठ काडतुसं होती. त्याने भिंतीकडे पाहिलं. पुंजके दोनच होते.

"अगं," त्याने हाक मारली, आणि खुर्चीकडे बघावं लागू नये म्हणून काडतुसं पुन्हा मोजायला लागला.