यंदा एक घर सोडून

कोजागरीची वर्गणी मागणाऱ्यांचा गलका शेजारच्या फाटकाशी आला, तशा पोतदारकाकू मुठीत नोटा घेऊन दाराआड उभ्या राहिल्या. मोठं पितळी पातेलं त्यांनी सकाळीच चिंच लावून लख्ख घासलं होतं. गल्लीच्या मसाला दुधाला दरवर्षी तेच पातेलं जायचं, आणि दूध ढवळायला काका.

पावलं त्यांच्या फाटकाबाहेर थांबली.

"इथं नको गं," कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. "काकांना जाऊन चारच महिने झालेत. त्यांच्याकडे यंदा सण नाही."

"मग पातेलं?"

"मांडववाल्याकडून भाड्यानं आणू. काकूंना कशाला त्रास?"

माणसं मायेचीच होती. म्हणून तर चपला न वाजवता पुढे गेली. पण काकूंना वाटलं, काकांबरोबर ही गल्ली आपल्यालाही स्मशानात पोहोचवून आली की काय!

हाक मारावी, तोवर मंडळी पुढे निघून गेली होती. मग त्यांनी दार उघडलं, हात बाहेर काढला आणि आपल्याच घराची बेल जोरात दाबली. चार महिन्यांत ती कुणी वाजवली नव्हती. भेटायला येणारे हलकेच कडी वाजवायचे.

पुढच्या फाटकाशी गेलेली मंडळी दचकून वळली, लगबगीनं परत येऊ लागली. काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. आतल्या खोलीतून नेहमीसारखं "कोण आलंय गं?" ऐकू येईल म्हणून त्या घराकडे तोंड करून, कान देऊन उभ्या होत्या.