मास्तरांची किल्ली

“गाडीच्या मेमरीतली जुनी किल्ली पुसली जाईल, मास्तर,” सोमलिंग म्हणाला. “उद्या ती सापडली तर तिनं दार उघडंल, पण इंजिन सुरू व्हायचं न्हाय. चालंल ना?”

शांतलिंग मास्तर गाडीच्या उघड्या दाराला धरून उभे होते. किल्ल्या करणारा सोमलिंग सकाळीच सोलापूरहून जळकोटला आला होता. स्टिअरिंगखाली त्यानं आपलं मशीन जोडलं होतं. नवी किल्ली मांडीवर होती. किल्लीच्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये चिप असते, गाडी ती ओळखते, ओळख पटली नाही तर इंजिन ढिम्म हलत नाही, हे मास्तरांना आता पाठ झालं होतं. गावात साधी किल्ली कापून आणून त्यांनी चार दिवस तोच अनुभव घेतला होता.

गाडी अंगणात अडकून अकरा दिवस झाले होते. गाडी जुनी घेतलेली, तिच्याबरोबर किल्ली एकच मिळालेली. ती दाराजवळच्या खिळ्याला लावायची, ही मास्तरांची दहा वर्षांची सवय. त्या दिवशीही लावली होती, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी घर तीनदा उलथंपालथं केलं, पिठाचे डबे रिकामे केले, गाद्या उसवल्या. खात्री रोज थोडी थोडी झिजत गेली. त्यांचे थोरले भाऊ म्हातारपणी पोटच्या लेकीला ओळखेनासे झाले होते. तिथंही सुरुवात अशाच एका किरकोळ वस्तूपासून झाली होती.

मास्तर पहाटे अंथरुणात बसून सतराचा पाढा म्हणायचे, मग एकोणतीसचा. पाढा चुकायचा नाही, तरी धीर यायचा नाही. पारावर जाणं त्यांनी बंद केलं. एखादा जुना विद्यार्थी पाया पडला आणि त्याचं नाव आठवलं नाही तर? घरात बसावं तर समोर तो रिकामा खिळा.

गिरिजाबाईंचं डायलिसिस तेवढं चुकलं नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मास्तर स्वतः बायकोला सोलापूरला न्यायचे. दोन वर्षं हेच चाललं होतं. कुणाच्या दारात जायचं नाही, असा त्यांचा बाणा. आता शेजारचा धोंडप्पा आपल्या जीपनं नेऊ लागला. जीपमध्ये गिरिजाबाई जाता-येता मान टाकून झोपायच्या. मास्तरांच्या गाडीत त्या कधी झोपल्या नव्हत्या, दारावरचं हँडल धरून ताठ बसायच्या. आजार वाढला, असं मास्तरांनी ताडलं आणि ते आणखीच खचले.

पुण्याचा मुलगा नंदीश फोनवर म्हणाला, की घराला कुलूप लावा आणि दोघंही इकडं या. एरवी मास्तरांनी त्याला उभा आडवा झाडला असता. काल ते हो म्हणाले. जायच्या आधी गाडी विकायची, आणि चालू झाल्याशिवाय ती कोण घेणार, म्हणून सोमलिंगला बोलावलं होतं.

“पुसून टाका,” मास्तर म्हणाले. “आज किल्ली विसरलो, उद्या हिला विसरंन. असल्या माणसाला किल्ली सापडून तरी काय करायची?”

सोमलिंगसाठी पाणी घेऊन आलेल्या गिरिजाबाई पायरीवरच थांबल्या होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला. कनवटीची गाठ सोडली आणि किल्ली काढून गाडीच्या टपावर ठेवली.

“डोकं शाबूत हाय तुमचं,” त्या म्हणाल्या. “खिळ्यावरनं म्या काढली.”

गिरिजाबाई मान खाली घालून सांगत गेल्या. किल्ली हरवणं त्यांना बारीक गोष्ट वाटली होती. जीप ठरंल, जायची सोय होईल आणि तोंडानं काही बोलावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. मास्तर स्वतःच्याच डोक्यावर शंका घेतील, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. परत द्यावी असं रोज वाटायचं. पण रोज पुढचा मंगळवार नाहीतर शुक्रवार डोळ्यांपुढं यायचा.

“मागल्या महिन्यात नळदुर्गच्या अलीकडं गाडी उडाली, तवा गतिरोधक आला म्हणालात तुमी,” त्या म्हणाल्या. “तिथं गतिरोधक न्हाय. शेळी होती. मागनं तिची मालकीण पळत आली, ती बी दिसली न्हाय तुमाला.”

सोमलिंगनं मशीनवरचा हात काढून घेतला.

“गाडी विकायची नाही,” मास्तर म्हणाले. “जुनी पुसू नका. दोन्ही किल्ल्या चालू ठेवा आणि धोंडप्पाच्या हातात द्या. हिला न्यायला लागती गाडी.”

मग ते चालत फाटकापर्यंत गेले आणि मागं वळले. गाडीचा नंबर त्यांनी हळू आवाजात म्हणून पाहिला. एकही आकडा चुकला नाही. मग त्यांनी डोळे बारीक करून तोच नंबर गाडीवर शोधला.

दहा पावलांवरची ती पाटी त्यांना कोरी दिसली.