पहिला बदल

“भावा, कॉलेजवर प्रेम असेल तर आज मॅच बघू नकोस,” नवा फुटबॉल कोच हात जोडून म्हणाला. “तू गॅलरीत बसलास की आपण हरतोय.”

कॉलेजच्या प्रत्येक मॅचला गॅलरीत हलगी बडवून माझे खांदे गेले होते. जुन्या कोचला मी शिव्या घालायचो, तरी हरल्यावर तोच मला चहा पाजायचा. नवा हवा म्हणून बोंबललो मीच. आणि यानं आल्या आल्या संघात पहिला बदल केला, तो माझा.

हलगी काखेत मारून बाहेर आलो. चहाच्या गाड्यावर जुना कोच बसला होता.

“तुलापण हात जोडले?” म्हणत त्यानं बाकावर जागा केली.

आत आरोळी उठली. गोल झाला होता.

“कुणाचा?” मी विचारलं.

“आपलाच असणार. दोघंही बाहेर आहोत.”