जेवल्यावरची साखर

"भात एकदम बंद, मावशी. पुढच्या वेळी साखर वाढलेली दिसली तर रोज सुई घ्यावी लागेल," असं शिबिराच्या डॉक्टरांनी मागल्या महिन्यात बजावलं, तेव्हापासून मथुराबाईच्या जिवाला घोर लागला होता. सुई फुकट होती, पण महागावच्या सरकारी दवाखान्यापर्यंतची वाट फुकट नव्हती. अन् रोज सुईला गेलं तर मजुरीला जायचं कधी?

आज पुन्हा शिबिर होतं. सकाळी तिनं उपाशीपोटी रक्त दिलं. "आता घरी जा, जेवा अन् दोन तासांनी परत या," सिस्टर म्हणाली. मथुराबाई घरी गेली अन् सांगितल्या वेळेवर परत आली. बोट पुढं करताना तिचा हात थरथरत होता, कपाळ घामानं डबडबलं होतं.

"काहून कापून राह्यल्या, मथुराबाई? एवढ्याशा सुईले भेता का?" रांगेतली फरीदा हसली.

डॉक्टरांनी यंत्रातला आकडा पाहिला, पुन्हा पाहिला अन् टाळीच वाजवली, जशी काही साखर त्यांनीच उतरवली. "बघा, जेवल्यावरही वाढली नाही! याला म्हणतात पथ्य. मावशी, जरा या सगळ्यांना सांगा, आज काय जेवलात?"

मथुराबाईनं भिंतीला हात टेकवला.



"काईच नाई, सायेब. रेशनात तांदूळच भेटला, अन् भात तं तुमीच बंद केला."