कडेबाहेरची टोपली

"आंबे नुसते पडतात. मला वाटलं, ह्यात जिंकायचं नसतंच," टेबलावरचे कप उचलता उचलता ऑफिसातल्या मावशी म्हणाल्या.

रेवतीने घाईने त्यांच्या फोनवर, ऑफिसात सगळ्यांना चाचणीसाठी दिलेला, आपण बनवलेला गेम उघडला. आंबे झेलायची टोपली स्क्रीनच्या कडेबाहेर गेली होती. प्रत्येक गोष्ट तिने स्वतःच्या रुंद मॉनिटरच्या मापाने बसवली होती, आणि उद्या गेम सगळ्यांसाठी खुला होणार होता.

"वाचवलंत हो मावशी!" संध्याकाळपर्यंत तिने टोपली प्रत्येक स्क्रीनच्या मापाने सरकेल अशी केली. मग चार वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय?"

दुसऱ्या दिवशी मावशी जिंकल्या. शेवटी आभाराची पाटी आली: कौसल्या धोंडिबा खरात. मावशींनी फोन डोळ्यांजवळ नेला, दोन्ही कडांवरून बोट फिरवलं.

"अख्खं मावलं की, ताई!"